बाबांच्या गालावरची चापट

आमच्या बाबांना कुणी जुन्या दिवसांबद्दल विचारलं की त्यांचा हात आपोआप डाव्या गालाकडे जायचा. "इथे रॉबर्ट्स बिशपांची चापट बसलीय," असं म्हणून ते बोटाने नेमकी जागा दाखवायचे.

जुन्या लोकांना हे समजेल, तरुणांसाठी सांगतो. पूर्वी दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याची श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार देताना बिशप मुलाच्या कपाळाला पवित्र तेल लावायचे आणि मग गालावर हलकीशी चापट मारायचे. आता तू ख्रिस्ताचा शिपाई झालास, मार सोसायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ आम्हाला शिकवला जायचा. चापट मारताना बिशप लॅटिनमध्ये म्हणायचे, "पाक्स तेकुम". तुला शांती असो. साठच्या दशकात रोमला जगभरच्या बिशपांची व्हॅटिकन परिषद भरली, तिच्यानंतर विधी बदलला आणि चापट गेली. माझ्या गालावर बसली होती, पण ती सहायक बिशपांची, आणि मला ना तो दिवस नीट आठवतो ना तो हात. माझ्या मुलांच्या वेळी तर ती नव्हतीच.

बाबांचं दृढीकरण १९३९ सालचं. तेव्हा ते अकरा वर्षांचे. आमच्या वसईच्या किनाऱ्यावरच्या गावांत बिशप काही दरवर्षी येत नसत. चार-पाच वर्षांतून एकदा फेरी व्हायची आणि तेवढ्या वर्षांची मुलं एकदम रांगेत उभी राहायची. मोठ्या पोरांनी बाबांना घाबरवून ठेवलं होतं, की गोरा बिशप आहे, चापट अशी मारतो की दाढ हलते. बाबा डोळे मिटून उभे राहिले. "आणि लागलं काय, तर कोंबडीचं पीस लागल्यागत," ते सांगायचे. त्या दिवशी आजीने नेसलेलं नवं लाल लुगडं, आजोबांनी वाडीतून आणलेला केळीचा घड, आणि बिशपांच्या हातातली अंगठी चुंबायला गुडघा टेकलेली सगळी गावकरी मंडळी, एवढं सगळं त्यांच्या त्या चापटीला चिकटून राहिलं होतं.

या वर्षी उपवासकाळात माळा आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. सातबाऱ्याच्या जुन्या नकला, दादरच्या भाजीबाजारातल्या पावत्या, आईचा एक रोझरी, आणि त्यात घडी घातलेला दृढीकरणाचा दाखला. माझी नात कॉलेजात शिकते. तिने दाखला उजेडात धरला आणि विचारलं, "आजोबा, हे आर्चबिशप रॉबर्ट्स कोण? पुढे त्यांचं काय झालं?"

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आणि माझ्याकडे या प्रश्नाला एका ओळीपलीकडे उत्तर नव्हतं. इंग्रज होते, नंतर ग्रेशियस आले. बस्स. ज्या माणसाचा हात माझ्या बापाच्या गालाला लागला त्याच्याबद्दल मी एवढंच सांगू शकलो, याचं मला फार वाईट वाटलं. मग मी वाचायला बसलो. उन्हाळाभर वाचत होतो. वाचता वाचता असं काही हाती लागलं की ते नातीसाठी न राहता माझ्यासाठीच झालं. ते पुढे येईल.

थॉमस डी'एस्टेर रॉबर्ट्स यांचा जन्म ७ मार्च १८९३ चा, फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदरातला. वडील ब्रिटिश वकिलातीच्या नोकरीत. घर मूळचं प्रॉटेस्टंट, पुढे वडिलांनी कॅथलिक धर्म स्वीकारला आणि मुलगाही त्याच वाटेने गेला. १९०९ मध्ये, सोळाव्या वर्षी, येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघात, दाखल. गुरुदीक्षा १९२५ मध्ये. त्यानंतरची वर्षं शिक्षकाची. १९३५ मध्ये लिव्हरपूलच्या सेंट फ्रान्सिस झेवियर्स कॉलेजचे रेक्टर झाले. शाळेच्या वेळापत्रकात, परीक्षांत आणि मुलांच्या दंग्यात आयुष्य जायचं, असंच त्यांनी धरलं असणार. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेला नव्हता. १९३७ मध्ये अचानक त्यांची मुंबईच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली, आणि असं सांगतात की ती बातमी त्यांना रोमकडून कळायच्या आधी वर्तमानपत्रवाल्यांकडून कळली. सप्टेंबरमध्ये लिव्हरपूललाच त्यांचा अभिषेक झाला आणि ते इकडे निघाले.

एका शाळामास्तराला एवढ्या मोठ्या जागी का नेमलं, हे समजायला आपल्या भागाची एक जुनी भानगड समजून घ्यावी लागते. ती भानगड आता आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. मलाही ती अर्धवटच ठाऊक होती.

पोर्तुगालच्या राजाला पोपने फार पूर्वी पूर्वेकडच्या चर्चवर हक्क दिले होते. बिशप कोण हे राजा सुचवणार, चर्चचा खर्च राजा बघणार. याला म्हणायचं पाद्रुआदो. पुढे पोर्तुगीजांचं बळ ओसरलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. मुंबई तर आधीच इंग्रजांकडे गेलेली. रोमने मग आपल्या प्रोपगंडा या धर्मप्रसाराच्या खात्यामार्फत थेट धर्मगुरू पाठवायला सुरुवात केली. पण राजाने हक्क सोडला नाही. झालं असं की १७९४ पासून मुंबईत एकाच गावात, कधी एकाच रस्त्यावर, दोन अधिकार चालू झाले. हे चर्च गोव्याच्या बाजूचं, ते चर्च प्रोपगंडाचं. एकाच धर्माचे, एकच मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकणारे शेजारी दोन बिशपांत वाटले गेले.

आपण बुधवारी नोव्हेनाला ज्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये जातो ना, त्याच ठिकाणी १८५३ मध्ये बिशप हार्टमन स्वतःला आत कोंडून घेऊन बसले होते. चर्च पाद्रुआदोच्या ताब्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून. बाहेर चिडलेली माणसं, आत बिशप, असे कित्येक दिवस. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च पाद्रुआदोवाल्यांकडेच गेलं. याच हार्टमननी तीन वर्षं आधी 'एक्झामिनर' हे साप्ताहिक काढलं, जे आजही निघतं. मी लहानपणापासून माहीमला जातोय, मेणबत्त्या लावतोय, आणि त्या दारामागे एक बिशप अडून बसला होता हे मला सत्तरीत कळावं!

आमची वसई मात्र या वादात एका बाजूलाच होती. आम्ही दमणच्या धर्मप्रांतात, म्हणजे पोर्तुगीज बाजूला. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला, दमणचा धर्मप्रांत मोडला आणि आमची गावं मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. पण त्या कराराला एक शेपूट होतं. मुंबईच्या गादीवर आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश आर्चबिशप बसणार. पहिली पाळी पोर्तुगीज लिमा यांची. ते १९३६ मध्ये वारले. मग पाळी ब्रिटिशाची, म्हणून रॉबर्ट्स.

या आळीपाळीत आमची पाळी कधीच येणार नव्हती, ही गोष्ट कागदावर वाचताना मी थबकलो. शेतं आमची, चर्च आमच्या पूर्वजांनी चुन्याने बांधलेली, फादर कितीतरी आमच्याच घरांतले. आणि वरची खुर्ची दोन परक्या देशांनी आपसात वाटून घेतलेली, तीसुद्धा १९२८ मध्ये, जेव्हा बाहेर सायमन कमिशनला काळे झेंडे दाखवत होते. माझे आजोबा त्या काळात तरुण होते. त्यांना हे खटकत होतं का, हे विचारायची संधी मी घालवली.

रॉबर्ट्सना ते खटकलं. मुंबईत आल्यावर त्यांना जे दिसलं त्यात गादीसाठी दोन पक्षांत चाललेली ओढाताण होती, आणि त्या गादीखाली झोपड्या, गिरण्या, अनाथ मुलं, भुकेली माणसं होती. त्यांनी कामाला हात घातला. 'एक्झामिनर'मध्ये ते मुलांना उद्देशून पत्रं लिहायचे. मोठ्यांना उपदेश केला तर ते ऐकत नाहीत, पण मुलांचं पत्र मोठी माणसं चोरून वाचतात, हे शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला बरोबर ठाऊक. मी स्वतः शाळेच्या वहीत पालकांसाठीचा निरोप मुलांच्या नावाने लिहायचो, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा या माणसाशी माझी ओळख पटल्यासारखी झाली. पुढे युद्ध आलं, तसे ते फौजेतल्या कॅथलिकांचेही बिशप झाले, आणि या मुलखातल्या छावण्यांतून फिरले. युद्धाने माणसाचं काय होतं ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं. त्याचा परिणाम पुढे दिसतो.

युद्ध संपलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नाविकांनी उठाव केला. इंग्रज जाणार हे आता कुणालाही दिसत होतं, पण कधी आणि कसे ते ठरलेलं नव्हतं. रॉबर्ट्सनी त्याआधीच रोमला कळवलं होतं की माझ्या जागी हिंदी माणूस हवा. लगेच गादी सोडता येईना, कारण त्या आळीपाळीच्या कराराप्रमाणे त्यांच्यानंतर पोर्तुगीज आला असता. मग आधी सहायक बिशप म्हणून एक हिंदी धर्मगुरू नेमायचं ठरलं. ते व्हॅलेरियन ग्रेशियस. जन्म १९०० चा, कराचीतला, आईबाप गोव्याचे. कुलाब्याच्या होली नेम चर्चचे ते प्रमुख धर्मगुरू होते. जून १९४६ मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला.

आणि इथून पुढे रॉबर्ट्सनी जे केलं ते वाचून मी चष्मा काढून ठेवला.

ते मुंबई सोडून निघून गेले. पद त्यांच्याच नावावर होतं, आर्चबिशप तेच होते, पण १९४६ ते १९५० अशी चार वर्षं सगळा कारभार ग्रेशियसनी पाहिला, आणि रॉबर्ट्स सातासमुद्रापार राहिले. इकडे देश स्वतंत्र झाला. १८ जुलै १९५० ला पोर्तुगालने नव्या कराराने तो आळीपाळीचा हक्क सोडला. डिसेंबर १९५० मध्ये रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. रॉबर्ट्स तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आज बिशपांनी पंचाहत्तरीला राजीनामा द्यायचा नियम आहे, पण तो परिषदेनंतरचा. त्या काळी आर्चबिशप मरेपर्यंत आर्चबिशप असायचा. लिमा तसेच गेले. खुद्द ग्रेशियसही ११ सप्टेंबर १९७८ ला गेले ते पदावर असतानाच.

राजीनामा देणं समजू शकतं. पण गाव सोडून का जावं? थांबले असते मुंबईत, तर नव्या माणसाला सल्ला दिला असता, हाताशी धरून शिकवलं असतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस मी हाच विचार करत होतो. आणि त्याचं उत्तर मला पुस्तकात नाही, आमच्या चर्चच्या गायनमंडळात मिळालं. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी सतरा वर्षांचा असताना, १९७२ मध्ये, चर्चमध्ये पेटी वाजवायला लागलो. त्याआधी लहानपणी मी वेदीसेवक होतो. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. "दोमिनुस वोबिस्कुम" असं फादर म्हणाले की आम्ही "एत कुम स्पिरितु तुओ" असं खणखणीत म्हणायचो, अर्थ एकालाही ठाऊक नाही. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि तिच्याबरोबर पेटी, तबला, झांजा आल्या. आपल्या भाषेत देवाला हाक मारायची, ती ओवीच्या चालीवर, भजनाच्या ठेक्यावर, ही केवढी मोठी गोष्ट होती ते आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. माझ्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा मिस्सेतला शब्द न् शब्द समजून घेतला तेव्हा ती साठी ओलांडून गेलेली होती. ती बाकावर बसून रडली होती.

तर त्या पेटीवर मी बावन्न वर्षं बसलो. त्यातली अडतीस वर्षं गायनमंडळ माझ्याकडे. गेल्या वर्षी जूनमध्ये मी स्वतःहून फादरना सांगितलं, की आता सांधे दुखतात, बोटं चालत नाहीत, दुसऱ्याकडे द्या. गावातलीच एक मुलगी, सव्वीस वर्षांची, रीतसर गाणं शिकलेली, कीबोर्ड छान वाजवते. तिच्याकडे दिलं. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. मी "मार्गदर्शक" म्हणून राहिलो. शुक्रवारी रात्री आठला सराव असतो. मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो.

मी वाईट काही करत नव्हतो. लय पडली तर सांगायचो. शब्दाचा उच्चार चुकला तर थांबवायचो. तिने एक अर्पणगीत वरच्या पट्टीत नेलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ही या गाण्याची पट्टी नाही." ती काही बोलली नाही. खाली आणली तिने. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही उठलात खरे, पण खुर्ची घेऊनच उठलात." मला तिचा राग आला. दोन दिवस मी धड बोललो नाही तिच्याशी.

मग रॉबर्ट्सची ती चार वर्षं वाचनात आली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी सरावाला गेलो आणि मुद्दाम एकच गोष्ट बघत बसलो. गाणं सुरू करायच्या आधी सगळे कुणाकडे बघतात? सोळाजण आहेत मंडळात. ती मुलगी हात वर करायची, मान डोलवायची, आणि सोळाच्या सोळाजणांची नजर आधी दाराकडे, माझ्याकडे यायची. मी मान हलवली की मग तिच्याकडे. मी तोंड उघडलं नाही त्या रात्री. एक शब्दही बोललो नाही. तरी नजरा येतच राहिल्या.

तेव्हा मला कळलं रॉबर्ट्स का गेले. ते गप्प बसून मुंबईत राहिले असते, तरी लोक त्यांच्याच दारात गेले असते. ग्रेशियसनी एखाद्या फादरची बदली केली असती, की तो फादर गोऱ्या साहेबाकडे. चर्चच्या जमिनीचा निर्णय घेतला असता, की ट्रस्टी गोऱ्या साहेबाकडे. दोन अधिकारांत दीडशे वर्षं फाटलेलं शहर होतं ते. तिसरी फाट पाडायची नसेल तर नजरेआड होण्याशिवाय इलाज नव्हता.

आणि ती पट्टी. मी अडतीस वर्षं सगळी गाणी काळी एकमध्ये ठेवली, कारण ती माझ्या गळ्याला सोयीची. मंडळातल्या सोळाजणांत अकरा बाया आहेत. त्यांना ती खाली पडते. अर्ध्या ओळी त्यांना नुसत्या पुटपुटाव्या लागत होत्या, आणि मी दरवर्षी नाताळच्या सरावाला त्यांना ओरडायचो, की बायांचा आवाज का निघत नाही? एकीनेही मला कधी सांगितलं नाही. त्या मुलीला पहिल्या महिन्यात दिसलं ते मला अडतीस वर्षांत दिसलं नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण त्या बाया हे वाचतील म्हणून मुद्दाम लिहितो. माझं चुकलं.

रॉबर्ट्सचं पुढे काय झालं, हा नातीचा मूळ प्रश्न. ते लंडनला येशूसंघाच्या मठात राहिले. नावापुरते आर्चबिशप, हाताखाली एकही धर्मग्राम नाही. १९५४ मध्ये त्यांनी अधिकार कसा वापरावा आणि त्याचा गैरवापर कसा होतो यावर पुस्तक लिहिलं. अण्वस्त्रांच्या विरोधात उभे राहिले. १९६४ मध्ये त्यांनी जाहीरपणे विचारलं, की संततिनियमनाला चर्चची जी बंदी आहे ती बुद्धीला पटेल अशी कशी सिद्ध करता? मुंबईतली गरिबी पाहिलेला माणूस विचारत होता. चर्चने १९६८ मध्ये बंदी कायम ठेवली. त्या वादात मी पडत नाही, माझा तेवढा अभ्यास नाही. पण आर्चबिशपाने प्रश्न विचारावा आणि उघड विचारावा, हे मला आवडलं.

सगळ्यात जास्त मला भिडली ती त्यांची व्हॅटिकन परिषदेतली कामगिरी. १९६५ मध्ये युद्ध आणि शांती यावर परिषदेत चर्चा चालली होती. रॉबर्ट्सनी लेखी निवेदन तयार केलं, विवेकाला पटत नाही म्हणून फौजेत जायला नकार देणाऱ्यांच्या बाजूने. त्यात त्यांनी फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियातल्या शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. हा खेड्यातला शेतकरी, बायको आणि लहान मुली असलेला, गावच्या चर्चचं दार उघडणं, घंटा वाजवणं अशी कामं करायचा. हिटलरच्या फौजेत लढणार नाही म्हणाला. फादरांनी समजावलं, बिशपांनी समजावलं, घरच्यांचा विचार कर म्हणाले. तो ऐकला नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. परिषदेने शेवटी आपल्या दस्तऐवजात अशा माणसांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी असं म्हटलं, आणि २००७ मध्ये चर्चने त्या शेतकऱ्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

घंटा वाजवणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट जगभरच्या बिशपांपुढे ठेवावी असं ज्याला वाटलं, त्या माणसाने माझ्या शेतकरी बापाच्या गालाला हात लावून "पाक्स तेकुम" म्हटलं होतं. बाबांना हे समजायला हवं होतं. त्यांना मी हे सांगितलं असतं. रॉबर्ट्स २८ फेब्रुवारी १९७६ ला लंडनमध्ये वारले. तेव्हा बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे असतील, पहाटेच्या लोकलने पानांचे करंडे घेऊन मुंबईला जात असतील. त्यांना ते कधी कळलंही नाही.

बाबांचा एक उल्लेख राहिला. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्ट महोत्सव भरला आणि पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले पहिले पोप. मी नऊ वर्षांचा. वसईहून खच्चून भरलेल्या लोकलने बाबा मला घेऊन गेले होते. मला दिसला तो लांबवर एक पांढरा ठिपका. त्या दौऱ्यात पोपनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर उपनिषदातली प्रार्थना म्हटली, असत्यातून सत्याकडे, अंधारातून प्रकाशाकडे, मृत्यूतून अमृताकडे ने. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त गर्दी, ऊन आणि तहान आठवते. आणि बाबांनी मला काखेत धरून उचललं, लाल कपड्यातल्या एका माणसाकडे बोट केलं ते आठवतं. "तो बघ, ग्रेशियस. कार्डिनल. आपला माणूस." ग्रेशियस १९५३ मध्ये कार्डिनल झाले होते, भारतातले पहिले. नंतर बाबा म्हणाले, "साहेब गेला म्हणून हा बसला." मी म्हटलं, इंग्रज गेले म्हणून? बाबा म्हणाले, "नाय रे. आमचा बिशप गेला म्हणून." मला वाटलं, लढाईत मेला असेल.

मे महिन्यात मी नातीला घेऊन कुलाब्याला होली नेमला गेलो. तिथे ग्रेशियस विसावले आहेत. पोपने दिलेली त्यांची कार्डिनलची लाल टोपी आहे, महोत्सवाच्या वेळी पोप पॉलनी दिलेली घंटा आहे, आणि एक मोठा पाइप ऑर्गन आहे, जो बघून माझी बोटं उगाच हलली. रॉबर्ट्सची खूण शोधत मी बराच वेळ फिरलो. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, आमच्याच मातीतले, तुकोबांवर डॉक्टरेट केलेले. त्यांच्यानंतर आले फेलिक्स मच्याडो, तेही वसईचेच, आणि त्यांना व्यक्तिशः आर्चबिशप ही पदवी. पापडीच्या कॅथेड्रलमध्ये वसईच्या मुलाचा वसईचा बिशप म्हणून स्वागतसमारंभ झाला, तेव्हा पेटीवर नव्हतो मी, पण गर्दीत होतो. त्या दिवशी मला रॉबर्ट्स हे नाव आठवलं नव्हतं. आता आठवतं.

जूनपासून मी सरावाला जात नाही. गाण्यांची वही, चार दशकांची, नोटेशनसकट, तिला देऊन आलो. तिने विचारलं, "सर, पट्टी बदलली तर चालेल ना?" मी म्हटलं, वही तुझी आहे. रविवारी मी आता सकाळी साडेसहाच्या मिस्सेला जातो. तिथे गायनमंडळ नसतं. सुरुवातीला लोक विचारायचे, रागावलात का? आता विचारत नाहीत.

नात यंदा मंडळात गाते. परवा शुक्रवारी सराव संपवून घरी आली, दप्तर टाकलं आणि माझ्याजवळ ओट्यावर बसली. "आजोबा, त्या अर्पणगीतात दुसऱ्या कडव्याला जी हरकत आहे ना, ती ताई वेगळीच घेते. तुम्ही कशी घ्यायचात? म्हणून दाखवा ना."

मी वालाच्या शेंगा सोलत होतो. "ताई घेते तशी घे," म्हणालो आणि अर्ध्या शेंगा तिच्या पुढ्यात सरकवल्या.